येळवसीचं पार्सल, लातूर ते स्टुटगार्ट : काय मागवावं आणि काय नको

आधी निकाल सांगून टाकतो म्हणजे घाईतल्या लोकांचं काम होईल. येळवस म्हणजे आमच्याकडचा वेळ अमावस्येचा, शेतात जाऊन करायचा सण. लातूरच्या गंजगोलाईजवळच्या एका गृहउद्योगाच्या दुकानातून येळवसीचं सामान घेतलं, ते पार्सलनं जर्मनीत आलं आणि ३० डिसेंबर २०२४ ला स्टुटगार्टजवळ आम्ही पंधराएक जणांनी त्याच सामानावर येळवस केली. काळा मसाला, येसूर, ज्वारीचं पीठ, सडलेली (कांडून टरफल काढलेली) खपली गव्हाची आणि वाळवलेली हरभऱ्याची भाजी, एवढं डोळे झाकून मागवा. तिळाच्या आणि शेंगदाण्याच्या पोळ्या मागवा पण तुटणार हे धरूनच मागवा. सजगुऱ्याचं (बाजरीचं हो, आमच्याकडं सजगुरा म्हणतात) पीठ आणि ती रेडीमेड भज्जी मिक्सची पुडी नको म्हणजे नको. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हं, ओले दाणे आणि पालेभाजी डाळीचं पीठ लावून घोटलेली आंबट भाजी. पाचपैकी चार स्टार, एक कापला तो त्या शेवटच्या दोन गोष्टींपायी.

दुकानाचं नाव टाकत नाही कारण दुकान चालवणाऱ्या काकूच म्हणल्या, "नाव नको टाकू लेकरा, हायत तेवढ्याच ऑर्डरी निघनात." गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यातल्या एकावर आतल्या अंगाला मसाल्याच्या वासावर चालत जायचं, लातूरच्या माणसाला एवढं पुरे आहे. बाकीच्यांनी आपल्या गावच्या अशाच दुकानाला हे लागू करून घ्यावं, उदगीर, निलंगा, अंबाजोगाई, तुळजापूर सगळीकडं बायकांनी चालवलेली अशी दुकानं आहेत आता.

ज्यांना येळवस माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण त्याशिवाय हे सामान कशाला एवढं लागतं ते कळणार नाही. मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे वेळ अमावस्येला, लातूर-धाराशिव आणि त्याला लागून असलेल्या बीड-नांदेडच्या भागात, आणि तिकडं कर्नाटकात बीदर-कलबुर्गीकडं, अख्खं गाव उठून शेतात जातं. कलेक्टर स्थानिक सुट्टी देतात, बाजार बंद, लातूर शहरातले रस्तेसुद्धा मोकळे पडतात. शेतात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप करायची, तिच्यात पाच दगड मांडायचे, त्यांना चुना आणि काव (लाल माती) लावायची, हे पाच पांडव. त्यांच्यापुढं लक्ष्मी, पूजा, नैवेद्य. मग आंबील घेऊन पिकात फिरायचं, शिंपडत जायचं आणि ओरडायचं "ओलगे ओलगे सालम पोलगे". रानात हरभरा फुलात-घाट्यात आलेला असतो, ज्वारी निसवायला लागलेली असते, गहू गुडघ्याला लागतो, आणि त्या पिकात उभं राहून भज्जी-भाकर खायची.

पण माझ्या मते येळवसीचा सगळा जीव बोलावण्यात आहे. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला बोलावतो. बँकेतला बाहेरगावचा मॅनेजर, नवीन आलेले गुरुजी, भाड्यानं राहणारं कुटुंब, दवाखान्यातल्या सिस्टर, कुणीच त्या दिवशी घरी राहायला नको, आणि बांधावरनं जाणाऱ्या माणसालासुद्धा हाक मारून बसवतात, "या की, दोन घास खाऊन जा." एका दिवसात चार-पाच शेतांवर जेवणं होतात आणि कुठंच नाही म्हणता येत नाही. माझे वडील नोकरीत होते, आमचं स्वतःचं रान औशाकडं मामाच्या रानाला लागून थोडंसंच, तरी आमच्या घरी येळवसीला आठ दिवस आधीपासून बोलावणी यायची. त्यामुळं परदेशात येळवस करायची तर फ्लॅटमध्ये टेबलावर बसून चौघांनी भज्जी खाल्ली असं चालत नाही, रान पाहिजे आणि बोलावून आणलेली माणसं पाहिजेत. हे दोन्ही पार्सलमध्ये येत नाही. ते आपण जमवायचं आणि बाकीचं काकूंकडनं मागवायचं, असं मी धरून चाललो.

दिवाळीला घरी गेलो होतो तेव्हा आईच मला काकूंकडं घेऊन गेली. दुकान म्हणजे पुढं दहा बाय दहाची खोली आणि मागं मोठी पडवी, तिथं कांडप चालू, दोन बायका लोखंडी कढईत खोबरं आणि दगडफूल भाजत बसलेल्या, आत गेलं की पहिल्यांदा ठसका लागतो आणि मग बाहेर निघावंसं वाटत नाही. मला आवडलं ते हे की काकूंनी आधी काहीच विकलं नाही, विचारत बसल्या. किती माणसं? लेकरं किती? तिकडचे गोरे लोक हायत का? गॅस हाय का लाइटची शेगडी? औशाकडचा हाईस म्हणजे भज्जी आंबट लागंल. तवा कसला हाय? भाकर थापता येती का कुणाला? हे सगळं ऐकून मग त्यांनी वहीच्या पानावर यादी केली. मी डाळीचं पीठ दोन किलो म्हणलं तर त्यांनीच खाली आणलं, "पंधरा माणसाला पावशेर लई झालं, भज्जीत पीठ कमी आन् दाणं जास्त पायजेत, पीठ जास्त झालं की पिठलं होतंय." गिऱ्हाइकानं मागितलेला माल स्वतःहून कमी करणारं दुकान मी तरी फार बघितलं नाही.

तूपही त्यांनीच काढून टाकलं. आईला घरचं तूप पाठवायचंच होतं, काकू म्हणल्या नाही, दुधाचं काहीही टाकलं की पार्सल अडकतं. ते खरंच आहे. युरोपियन युनियनच्या बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ पार्सलनं किंवा बॅगेतून आणायला बंदी आहे, त्यात तूप, खवा, पेढे सगळं आलं. ताज्या भाज्या-शेंगांना पण पिकाच्या आरोग्याचं सरकारी सर्टिफिकेट लागतं, म्हणून शेतातल्या तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचा ढाळा वगैरे भरून द्यायच्या भानगडीत आई-वडिलांना पडू देऊ नका. तूप जर्मनीतच बिनमिठाचं लोणी आणून घरी कढवायचं, एकदम छान होतं, आणि भज्जीसाठी लागणारे सगळे दाणे इंडियन स्टोअरच्या फ्रीजरमध्ये मिळतात, ओले तुरीचे दाणे, हिरवा हरभरा, वालपापडी, मटार.

आता कस्टमचं नीट वाचा, कारण आमचं पार्सल तिथंच रखडलं होतं. खाजगी माणसानं खाजगी माणसाला पाठवलेलं गिफ्ट ४५ युरोपर्यंत असेल तर जर्मनीत कर लागत नाही, तेव्हाच्या भावानं साधारण चार हजार रुपये. पण दुकानानं थेट आपल्या नावानं पाठवलं की ते गिफ्ट धरत नाहीत आणि १ जुलै २०२१ पासून अशा मालावर पहिल्या युरोपासूनच व्हॅट लागतो. म्हणून सामान आईनं विकत घेतलं आणि मामानं त्याच्या नावानं मला पाठवलं. सामानाचं बिल दोन हजार नऊशे झालं होतं. एवढं सगळं बरोबर करूनही कुरिअरवाल्यानं कागदावर फक्त "फूड आयटम" लिहिलं आणि पार्सल अडकलं, मला पत्र आलं की आत काय आहे ते सांगा आणि किंमतीचा पुरावा द्या. काकूंच्या वहीचं पान इथं कामाला आलं, आईनं फोटो पाठवला, मी एकेक वस्तू, वजन, किंमत इंग्लिशमध्ये लिहून दिली आणि सुटलं. तर पार्सल देतानाच प्रत्येक पुडीचं नाव, वजन आणि रुपये कुरिअरच्या फॉर्मवर लिहून घ्या, तो आळस करील, समोर उभं राहून लिहून घ्या. आणि कुरिअरचा खर्च सामानाच्या दीडपट आला हे पण आधीच सांगून ठेवतो, म्हणूनच जर्मनीत जे मिळतं ते लातुरातून मागवायला अर्थ नाही.

पॅकिंग चांगलं होतं. मसाल्यांना आत जाड प्लॅस्टिक सीलबंद, वर कापडी पिशवी, प्रत्येकावर तारीख आणि हातानं लिहिलेलं नाव. काळ्या मसाल्याची पुडी फोडली तेव्हा शेजारच्या खोलीतून नाशिकची वहिनी उठून आली, काय भाजायलात म्हणून, आणि भाजत कुणीच नव्हतं. मसाला गोलाईतल्या दुकानासारखाच निघाला, खोबऱ्याचा खवट वास बिलकूल नाही. त्याचं कारण काकूंनी मला सांगितलं होतं, बाहेर पाठवायच्या मसाल्यात त्या खोबरं कमी घालतात आणि तीळ वाढवतात, आणि भाजलेलं सगळं पूर्ण गार झाल्यावरच कांडतात. येसूर पण उत्तम. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, धान्य-डाळी आणि मसाला भाजून दळलेलं पीठ म्हणजे येसूर, आपल्याकडं लग्नाच्या पंगतीत येसूर-आमटी असते ती याचीच. येळवसीत ती लागत नाही खरं म्हणजे, पण थंडीत बाहेर बसायचं होतं म्हणून आम्ही मोठं पातेलं भरून केली आणि सगळ्यात आधी तीच संपली. एक पुडी कमीच पडली.

ज्वारीच्या पिठाची मला काळजी होती. जुन्या पिठाची विरी जाते आणि भाकर थापता थापता फाटते, हे सगळ्यांना माहीत आहे. हे पीठ पोचायला बरेच दिवस लागले तरी उकळत्या पाण्यात उकड काढून मळल्यावर भाकरी पूर्ण गोल आल्या, तव्यावर फुगल्या पण. निलंग्याची वहिनी थापायला होती हे पण आहेच, तिच्या हाताखाली कुठलंही पीठ शहाणं होतं. आंबील पण त्याच पिठाची केली.

सजगुऱ्याचं पीठ मात्र कडू निघालं, तोंडात धरवेना. हा काकूंच्या हातचा दोष नाही, सजगुऱ्याच्या दाण्यात तेलाचा अंश जास्त असतो, दळलं की त्या तेलाला हवा लागते आणि पीठ थोड्याच दिवसात कडवट पडतं, म्हणून तर आपल्या घरी आया ते लागेल तेवढंच दळून आणतात. पण मग दुकानानं बाहेरदेशी जाणाऱ्या पार्सलमध्ये हे पीठ टाकायलाच नको. मी फोन करून सांगितलं तेव्हा काकूंनी दोन वेळा विचारलं, किती कडू, भिजवल्यावर का आधीच, आणि पैसे परत करते म्हणल्या, आईनं घेतले नाहीत. सजगुऱ्याचे उंडे (पिठाचे वाफवलेले गोळे) हा येळवसीचा मुख्य पदार्थ आहे, तो चुकू नये म्हणून आम्ही इंडियन स्टोअरमधली अख्खी बाजरी आणून मिक्सरवर बारीक केली, दोनदा चाळली, आणि बीदरच्या मित्राच्या इडली कुकरात उंडे वाफवले. थोडे रवाळ झाले पण चव बरोबर. तुम्ही सरळ हेच करा, पीठ मागवू नका.

भज्जी मिक्सबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. पुडीवर लिहिलंय गरम पाण्यात टाका, दहा मिनिटं शिजवा, भज्जी तयार. त्यात डाळीचं पीठ, हळद, लसणाची पावडर आणि आमचूर. आम्ही आदल्या दिवशी थोडीशी करून बघितली, पिवळंधमक पातळ पिठलं झालं. भज्जीत आमचूर कुठून आलं? भज्जीचा आंबटपणा चिंचेचा आणि हरभऱ्याच्या पाल्याचा. ज्यांनी पहाटे हरभऱ्यात पाय घातलाय त्यांना माहीत आहे, त्या पाल्यावर आंब असते, पायाची आग होते, तीच आंब भाजीत उतरते. ती पुडीत भरता येत नाही असं नाही, कारण काकूंचीच वाळवलेली हरभऱ्याची भाजी आहे, कोवळे शेंडे खुडून सावलीत वाळवून हातानं चुरलेली, आणि ती ह्या पार्सलमधली मला सगळ्यात किमती वस्तू वाटली. एकाच दुकानात एवढी चांगली गोष्ट असताना त्याच्याच शेजारी ती मिक्सची पुडी ठेवू नये. काकू म्हणल्या पुण्याकडच्या गिऱ्हाइकानं लई मागणी केली म्हणून काढली. ठीक आहे, पण येळवसीच्या यादीत तरी ती घालू नका असं मी त्यांना सांगितलं आणि इथंही लिहितोय.

मग आम्ही भज्जी कशी केली ते लिहितो, कारण फ्रीजरच्या दाण्यांची चांगली होईल यावर कुणाचा विश्वास नव्हता. २९ तारखेला रविवार, जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, म्हणून सगळी खरेदी शनिवारीच उरकली. सोमवारी भल्या पहाटे उठून तुरीचे दाणे, हरभरा, वाल, मटार आणि भिजवलेले शेंगदाणे वेगवेगळे उकडले, एकत्र उकडले तर मटाराचा लगदा होतो आणि तूर कच्ची राहते. पालक, मेथी, कांद्याची पात बारीक चिरून, गाजर-वांग्याच्या बारक्या फोडी, आणि त्यात काकूंची वाळलेली भाजी मूठभर भिजवून. चुक्याची आंबट पालेभाजी मिळाली नाही, त्या भरपाईला चिंच थोडी वाढवली. चिंचेच्या कोळात डाळीचं पीठ गुठळी न होऊ देता कालवायचं, हिरवी मिरची-लसूण-जिरं वाटून, ते पीठ शिजत्या भाजीत ओतलं की रवीनं नाही तर पळीनं घोटत राहायचं, सारखं, हात थांबला की तळाला लागतं. मीठ शेवटी. वरून लसणाची फोडणी, भरपूर तेलाची. भाकरीवर घेतली की पसरू नये आणि पळीतून सटकन पडावी, इतपत दाट. मामीनं व्हिडिओ कॉलवर पातेल्यात बघून सांगितलं, "अजून पाच मिनटं घोट, रंग बसंना." पाच मिनिटं घोटली, रंग बसला.

आंबिलीचं पीठ रात्रीच भिजवलं. जर्मनीत ताक कुठल्याही सुपरमार्केटमध्ये मिळतं आणि आंबट असतं, आंबिलीला एकदम योग्य. थंडीत पीठ आंबत नाही म्हणून भांडं ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवलं रात्रभर, सकाळी बुडबुडे आलेले. पूजेपुरती आणि शिंपडायला गार ठेवली, बाकीची कोमट करून थर्मासमध्ये, कारण बाहेर पारा शून्याच्या आसपास.

रानाचं सांगतो. आमच्या ऑफिसातल्या एका साठीच्या बाईंकडं क्लाइनगार्टन आहे. हे शहराच्या कडेला भाड्यानं मिळणारे बागेचे तुकडे असतात, कायद्यानं एक तुकडा ४०० चौरस मीटरपेक्षा मोठा नसावा, म्हणजे आपले चार गुंठे, आणि त्यावरची खोली ओसरीसकट २४ चौरस मीटरच्या आत, तिथं कायमचं राहायचं नाही, आणि जागेचा बराच भाग भाजीपाल्याला-फळांना वापरायचा. मी त्यांना येळवस सांगितली तर त्या लगेच हो म्हणल्या, फक्त दोन अटी, उघड्यावर जाळ करायचा नाही आणि पाणी घरून आणायचं कारण हिवाळ्यात नळ बंद करून ठेवतात. त्यामुळं संध्याकाळचा हेंडगा (पेटती पेंढी घेऊन पिकाभोवती फिरायचं ते) नाही, गॅसची छोटी शेगडी तेवढी ओसरीत.

कडबा नव्हता. बाईंनी सूर्यफुलाच्या वाळक्या काड्या रचून ठेवल्या होत्या, माणसाच्या उंचीच्या, त्याची कोप केली. पार्सलमध्ये तळाला वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पुडी होती, यादीत नव्हती, पैसे लावले नव्हते, आत प्लॅस्टिकच्या डबीत चुना आणि दुसऱ्या डबीत काव. हे बघून निलंग्याची वहिनी तिथंच पायरीवर बसली, डोळ्याला पदर लावून. पाच दगड लेकरांनी वेचले, धुतले, बोटांनी चुना लावला आणि वर काव्याचे पट्टे. बागेत त्या दिवसात केल नावाची कोबीच्या जातीची भाजी, कांद्यासारखी लीक आणि थोडी पालेभाजी एवढंच उभं होतं, तर आंबील त्यालाच शिंपडली. बीदरच्या मित्राचा आवाज सगळ्यात मोठा, त्याच्याकडं एळ्ळ अमावस्या याच दिवशी असते, तो "ओलगे ओलगे" म्हणायचा आणि आम्ही सगळे "सालम पोलगे", चार गुंठ्याला पाच फेऱ्या मारल्या. कोल्हापूरचा आणि केरळचा मित्र दोघंही आयुष्यात पहिल्यांदा बघत होते, ते पण ओरडत होते.

शेजारच्या तुकड्यातले आजोबा कुंपणाच्या पलीकडून बघायला लागले. येळवसीला बांधावरच्या माणसाला हाक मारायची म्हणजे मारायची, म्हणून आम्ही बाईंना सांगितलं बोलवा त्यांना. ते आधी नाही म्हणाले, मग घरच्या सफरचंदाच्या रसाच्या दोन बाटल्या घेऊन आले आणि चांगले दोन तास बसले. भज्जी त्यांनी भाकरीबरोबर न खाता वाटीत घेऊन चमच्यानं खाल्ली, दोनदा. खीर वाढताना बाईंनी वाटीतला दाणा बघून ओळखला, हा गहू आमच्याकडं पण पिकतो. खपली म्हणजे एमर, जर्मनीत ऑरगॅनिक दुकानात मिळतो तो. पण तिथला अख्खा असतो, काकूंची खपली सडलेली, दाणा फुलून मऊ होतो आणि तरी मोडत नाही. सडायची मेहनत लातुरात झाली म्हणून आमची खीर दीड तासात झाली, त्यामुळं खपली मागवाच. गूळ मात्र जर्मनीत घेतला तरी चालतो.

पोळ्या राहिल्या. तिळाच्या बऱ्या आल्या, शेंगदाण्याच्या जवळजवळ सगळ्या तुटल्या, चव तीच, पण नैवेद्याला अख्खी पोळी लागते आणि शोधून शोधून एक सापडली. काकूंनी दोन पोळ्यांमध्ये कागद घातला होता पण डबा मऊ प्लॅस्टिकचा होता. पत्र्याच्या डब्यात घट्ट भरून द्या म्हणायचं, वजन थोडं वाढतं पण पोळी राहते.

अकरा वाजता मामाला कॉल लावला, साडेचार तासांचा फरक, तिकडं दुपारचे साडेतीन, त्यांची जेवणं होऊन माणसं कोपीच्या सावलीला लवंडलेली. मामानं आमच्या कोपीकडं बघितलं आणि पहिलं काय विचारलं तर, "कुणाला बोलावलाव?" एकेक जण कॅमेऱ्यासमोर आला, ते आजोबा पण. मामा म्हणला बास, झाली येळवस. नंतर तिकडून त्यानं फोन पिकात फिरवून हरभरा दाखवला, आणि आमच्यातले तिघं-चौघं तो मोबाइल हातातून सोडेनात.

साडेचारला अंधार पडायला लागला तेव्हा शेगडीवर दूध उतू घालवलं आणि आवरलं. उरलेली भज्जी डब्यांत भरून सगळ्यांना दिली, शिळी भज्जी दुसऱ्या दिवशी जास्त लागते, ज्यांनी खाल्ली त्यांनी मेसेज केले.

येळवस डिसेंबरात नाताळाच्या आधी पडली की जर्मनीत तेव्हा पार्सलची गर्दी असते, तर अशा वर्षी ज्यांना मागवायचंय त्यांनी ऑक्टोबरच्या शेवटाला काकूंसारख्यांना सांगून ठेवा आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पार्सल निघू द्या. माझी पुढची यादी अशी : ज्वारीचं पीठ तेवढंच, काळा मसाला तेवढाच, येसूर दुप्पट, वाळलेली हरभऱ्याची भाजी तिप्पट, खपली एक किलो जास्त, पोळ्या पत्र्याच्या डब्यात, सजगुऱ्याचं पीठ आणि मिक्स रद्द. चुना आणि काव्याची पुडी यादीत लिहायला लागलो तर काकू म्हणल्या ती लिहायची नसती, ती मी टाकतेच.